धाप पाण्याची आणि धाप स्नायूंची

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा बराचसा दिवस डायलिसिसच्या रुग्णांबरोबर जातो. त्यांच्या नातेवाइकांकडून एक वाक्य मी सारखं ऐकते, "यांना आता जिना नको, बाजार नको. नुसता आराम!" त्यामागची माया मला कळते. पण या आरामानंच माणूस लवकर अंथरूण धरतो, आणि आज बोलायचंय ते त्याविषयीच.

मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तातली अशुद्धी आणि जादा पाणी यंत्राच्या मदतीनं काढावं लागतं. एका वेळेला साधारण चार तास, आठवड्यातून तीनदा. खर्चापायी आणि अंतरापायी आपल्याकडे कित्येकांना दोनदाच भागवावं लागतं. या रुग्णांना लवकर धाप लागते. ही धाप दोन तऱ्हेची असते आणि त्यांची गल्लत करून चालत नाही.

पहिली पाण्याची. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पाणी जास्त प्यायलं गेलं की वजन वाढतं, पावलं सुजतात, फुप्फुसांत पाणी साचतं. आडवं झालं की गुदमरतं, रात्री उठून बसावं लागतं. या धापेवर व्यायाम हा उपाय नव्हे. तडक दवाखाना गाठायचा.

दुसरी स्नायूंची. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. तो आकसून खाली सरकला की फुप्फुसांत हवा शिरते. दंडाचा, मांडीचा स्नायू या आजारात रोडावतो, तसाच हाही. रक्त कमी, भूक कमी आणि हालचाल तर त्याहून कमी. चार पावलं टाकली की दम लागतो, म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्यानं स्नायू आणखी ढिले पडतात.

श्वासाच्या स्नायूंनाही व्यायाम देता येतो. त्यासाठी मुठीत मावेल असं उपकरण मिळतं. त्यात स्प्रिंगची झडप असते. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा. ठरावीक जोर लावल्याशिवाय झडप उघडत नाही. रुग्णाचा जास्तीत जास्त जोर आधी मोजतात आणि त्याच्या साधारण ३० टक्के भारानं सुरुवात करतात. दहा-पंधरा श्वास, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढेच. पुढे भार हळूहळू वाढवायचा. ऑपरेशननंतर आणलेलं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र पुष्कळांच्या कपाटात पडून असतं. "तेच चालेल ना?" असं विचारतात. त्यानं छाती फुलते, पण स्नायूवर मोजलेला भार पडत नाही. प्राणायामाचं म्हणाल, तर संथ, दीर्घ श्वास खुशाल घ्यावेत. रक्तदाब चढा असेल तर श्वास कोंडणं किंवा जोरजोरात सोडणं मात्र स्वतःच्या मनानं करू नये.

आता पाय. डायलिसिसचे चार तास बहुतेकजण छताकडे बघत घालवतात. सुयांचा हात स्थिर ठेवायचा असतो, पाय मोकळेच असतात. पलंगाच्या पायथ्याशी पेडल बसवून सायकल मारता येते. हे पहिल्या दोन तासांत करावं. नंतर पाणी निघत गेलं की रक्तदाब घसरण्याचा धोका वाढतो. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आमच्या एक मावशी पेडल मारता मारता विचारतात, "आळंदी आली का हो?"

जर्मनीत २१ केंद्रांतल्या बाराशेहून जास्त रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या केंद्रांत वर्षभर डायलिसिस चालू असतानाच व्यायाम करून घेतला. एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ही कसोटी. व्यायाम करणारे सरासरी १६ वरून १९ वर गेले. न करणारे १६ वरून १५ च्याही खाली आले. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. नुसत्या आरामाच्या एका वर्षात काय होतं, ते त्यात दिसतं. सगळेच निकाल असे अनुकूल आहेत असं नाही. ब्रिटनमध्ये असाच सहा महिन्यांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. रुग्णांच्या एकंदर जगण्याच्या दर्जात त्यात फरक दिसला नाही. तेव्हा व्यायामानं आजार जाईल असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. उठता-चालता येण्याची ताकद टिकवणं हे त्याचं काम, आणि तेही थोडं नाही.

डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. छातीत दुखणं, ताप, फार वाढलेलं वजन, चुकलेलं डायलिसिस, यांपैकी काही असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर तपासावी. फिश्चुलाच्या हातानं जड ओझं उचलू नये. चालायला सकाळी किंवा ऊन उतरल्यावर जावं, म्हणजे तहान कमी लागते. मोजून पाणी पिणाऱ्याला त्याचं मोल ठाऊक असतं.

आणि पेडल नसेल तर? घरची हलणार नाही अशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, जवळ कोणीतरी उभं राहू दे. एका मिनिटात किती वेळा उठता आलं, तो आकडा कॅलेंडरवर लिहा. महिन्यानं पुन्हा मोजा.