सणाची रात्र आणि शाळेचा शेवटचा तास



दिवाळीच्या सुटीपूर्वीचा शेवटचा तास बहुतेक शाळांतून मोकळाच जातो. सुटीतील अभ्यास फळ्यावर लिहून झालेला असतो, मुलांचे चित्त किल्ल्याच्या मातीकडे व फटाक्यांच्या पिशवीकडे लागलेले असते आणि शिक्षकालाही घरची ओढ असते. परंतु याच तासात शिक्षकाच्या हातून एक मोलाचे काम होण्याजोगे आहे. सणाची रात्र मुलांनी आनंदात व सुखरूप पार पाडावी, एवढी त्यांची तयारी करून देणे, हे ते काम होय.

पुनावळ्याचे उदाहरण घेतल्यास या कामाची निकड ध्यानात येईल. पवनेच्या खोऱ्यातील हे शेतकऱ्यांचे गाव पूर्वी मुळशी तालुक्यात मोडत असे. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मुंबई-बंगळूर महामार्गाचा वळणरस्ता गावाला लागून जातो आणि हिंजवडीची उद्योगनगरी हाकेच्या अंतरावर आहे. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्याही आल्या. पूर्वी गावातले प्रत्येक मूल प्रत्येक वडीलधाऱ्याच्या ओळखीचे असे. कोणाचे पोर विस्तवाजवळ गेले, तर शेजारचा म्हातारा ओसरीवरूनच दटावीत असे. आता सण राहिला, आनंद राहिला, पण ती शेजाराची नजर विरळ झाली. मारुंजी, नेरे, जांबे, माण या शेजारच्या गावांतूनही हाच पालट चालू आहे. म्हणून जे काम पूर्वी आळी करीत असे, त्याचा काही भाग आता शाळेने उचलणे प्राप्त आहे.

प्रथम विस्तवाचा विचार करू. फुलबाजी ही लहान मुलांची वस्तू समजून तीन-चार वर्षांच्या बालकाच्या हाती बिनदिक्कत दिली जाते. वस्तुतः तिच्या जळत्या टोकाशी उष्णतामान सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत जाते. म्हणजे उकळत्या पाण्याच्या दसपट. विझलेली तारही बराच वेळ तापलेली राहते व अंगणात अनवाणी फिरणाऱ्या पायाला चटका देते. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्यांच्या मेणबत्तीचीही गोष्ट अशीच. पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी अशा मेणबत्त्या तयार करणाऱ्या विनापरवाना कारखान्यास आग लागली आणि तेथे राबणाऱ्या अनेक स्त्रिया प्राणास मुकल्या. ज्या दारूने इतकी घरे उजाड केली, तीच दारू मुलांच्या हातातील शोभेच्या वस्तूत असते, हे पालकांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दुसरा धोका अधिक नवा आहे. कॅल्शियम कार्बाईडच्या खड्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो व ठिणगी मिळताच त्याचा स्फोट होतो. वेल्डिंगच्या कामात या वायूचा उपयोग होतो. प्लास्टिकच्या नळीत कार्बाईड घालून केलेली ‘कार्बाईड गन’ २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात फार खपली. नळी उडाली नाही, म्हणून मुले तिच्यात डोकावली आणि त्याच क्षणी ती उडाली. भोपाळ व आसपासच्या भागांत शंभराहून अधिक जणांच्या, विशेषतः मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली; काहींची दृष्टी गेली. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखानदारीच्या पट्ट्यात वेल्डिंगची दुकाने ठिकठिकाणी आहेत. कार्बाईडचा खडा हे खेळणे नव्हे, हे येथील मुलांना विज्ञानाच्या पाठाबरोबरच शिकविता येईल.

कायद्यानेही या बाबतीत मर्यादा घातल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीस रात्री ८ ते १० आणि नाताळ व नववर्षाच्या आदल्या रात्री ११.५५ ते १२.३० एवढाच वेळ फटाक्यांसाठी ठरवून दिला आणि जोडलेल्या माळांना मनाई केली. परंतु न्यायालयाचा निकाल अंगणात येऊन उभा राहत नाही. तेथे वडीलधारे माणूसच उभे राहावे लागते.

येथेच एका गोष्टीचा नीट विचार झाला पाहिजे. ‘फटाक्यांना हात लावू नका’ एवढे सांगून आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळ घरांत व शाळांतही मानले जाते. अशा बंदीचा परिणाम उलटाच होतो. मूल घरामागच्या अंधारात जाऊन फटाका लावते. सकाळी न फुटलेले फटाके वेचून त्यांतील दारू कागदावर काढते. किल्ल्याच्या बुरुजात बॉम्ब पुरून तो उडविते. आणि भाजले, तर मार बसेल या भीतीने हात पाठीमागे लपविते. जखमेपेक्षा हे लपविणे अधिक घातक ठरते. यास्तव मुलाला धाकापेक्षा सोबतीची गरज अधिक आहे. एक जाणते माणूस, पाण्याची बादली, वाळूचे घमेले, सुती कपडे, पायांत चपला व फटाका लावण्यास लांब काठीची उदबत्ती, एवढी व्यवस्था असली तर बहुतेक अनर्थ टळतात. न उडालेल्या फटाक्याजवळ पुन्हा जाऊ नये. लांबूनच त्यावर पाणी ओतावे.

तरीही अपघात घडला तर काय करावे, हे मुलांच्या अंगवळणी पडलेले असावे. कपड्याने पेट घेतल्यास धावू नये. थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे आणि लोळावे. भाजलेला भाग वीस मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, शाई, दंतमंजन, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे. डोळ्यास मार लागला तर तो चोळू नये की दाबू नये. दारू किंवा कार्बाईड गेले असल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

विस्तवाइतकाच धोका परतीच्या वाटेवर असतो. पूर्वी जत्रेला गेलेले कुटुंब रात्री पाहुण्याकडे मुक्काम करी व उजाडल्यावर निघे. आता मध्यरात्र उलटल्यावर एकाच दुचाकीवर आई, बाप व दोन मुले महामार्गावरून परततात. ३१ डिसेंबरच्या रात्री तर समोरून येणारा शुद्धीवर आहे की नाही, याचीही खात्री नसते. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा होय. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या अपराधास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने एक तरुण व एक तरुणी असे दोन अभियंते ठार झाले. मित्रांसमवेतच्या रात्रीच्या मेजवानीनंतर एक अल्पवयीन मुलगा मद्याच्या अंमलाखाली ती मोटार चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने रस्त्यांवरील अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि त्यावर देशभर संताप उसळला; पुढे तो आदेश बदलण्यात आला. त्या आदेशाची योग्यायोग्यता हा न्यायालयाचा विषय आहे. शिक्षकाने त्यातून एवढेच घ्यावे की, असा निबंध लिहून घेण्याची जागा शाळेचा वर्ग ही आहे, आणि त्याची वेळ अपघातापूर्वीची आहे.

मुक्कामाची जुनी रीत पुन्हा सुरू करण्यास कोणाची हरकत असणार नाही. रात्री निघणे अटळच असेल, तर न प्यालेल्या माणसाने वाहन चालवावे. चार वर्षांवरील प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे. पायी जाणाऱ्यांनी फिकट रंगाचे कपडे घालावेत, बॅटरी जवळ ठेवावी, पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे आणि महामार्ग मध्येच न ओलांडता भुयारी मार्गाने जावे.

आता त्या शेवटच्या तासाची आखणी पाहू. पहिली पंधरा मिनिटे मैदानावर थांबणे, आडवे होणे व लोळणे यांचा सराव घ्यावा. मुले तो हसतखेळत करतात. पुढील पंधरा मिनिटे ११२, अग्निशमनासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाठ करून घ्यावेत आणि प्रत्येकाने आपल्या घराची खूण व पालकांचा दूरध्वनी क्रमांक सांगावा. बांधकामावरील मजुरांच्या मुलांकडे येथे विशेष लक्ष द्यावे. ज्याला आपला पत्ता सांगता येत नाही, त्याच्यापर्यंत मदत पोहोचण्यास उशीर लागतो. नंतर प्रत्येक मुलाने वहीत एक वाक्य लिहावे: ‘दिवाळीच्या रात्री माझ्यासोबत अमुक असतील.’ त्याखाली त्या व्यक्तीची सही अथवा अंगठा घरून आणावा. उरलेल्या वेळात शिक्षकाने एवढेच सांगावे की, काही इजा झाली तर ती ताबडतोब मोठ्यांना सांगावी. त्याबद्दल शाळेत कोणी रागावणार नाही. हे वचन शिक्षकाने पाळलेही पाहिजे.

या साऱ्यास खर्च काही नाही. लागतो तो एक तास व थोडी कळकळ. सुटी संपून शाळा भरेल तेव्हा हजेरीपटातील प्रत्येक नावास ‘हजर’ असे उत्तर यावे, एवढ्यासाठी तो तास मोकळा जाऊ देऊ नये.