मोटारसायकलचा तिसरा पाय

दोन चाकांवर धावणारी मोटारसायकल थांबली की तिला तिसरा पाय लागतो. धावताना तिचा तोल गती आणि चालक सांभाळतात. थांबल्यावर ते काम एका वीतभर लोखंडी दांड्याकडे येते. त्यालाच आपण साइड स्टँड म्हणतो. इंजिनाची विचारपूस करणारे पुष्कळ असतात. या पायाची विचारपूस मात्र गाडी आडवी झाल्यावरच होते. शेजारी एखादे मूल खेळत असेल, तर तोवर फार उशीर झालेला असतो.

गोव्यात पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन उतारूंची ने-आण करणारे ‘पायलट’ आपल्या परिचयाचे आहेत. त्यांना दिवसातून कितीदा तरी गाडी उभी करावी लागते. कधी उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर, कधी पावसाने भिजलेल्या तांबड्या मातीत, तर कधी किनाऱ्यालगतच्या रेतीत. गाडी पडून ब्रेकची दांडी मोडली, तर त्या दिवसाची मिळकतच बुडते. माळव्यातील किंवा बेळगावकडील काळ्या मातीतही पावसाळ्यात हाच प्रकार घडतो.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. समजा, गाडीचे वजन 180 किलो आहे. ती डावीकडे सुमारे 10 अंश कललेली असून तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे. म्हणजे तो चाकांच्या रेषेपासून सुमारे 9 सेंटिमीटर बाजूला आला. स्टँडचे टोक त्याच रेषेपासून 36 सेंटिमीटरवर टेकले असेल, तर वजनाचा चौथा हिस्सा, म्हणजे 45 किलो, त्या टोकावर येतो. टोक 3 सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद असले, तर दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब पडतो. उभ्या माणसाच्या पावलाखाली याच्या दशांशाहूनही कमी दाब असतो. मग भिजलेल्या मातीत स्टँड रुतला, तर नवल ते काय?

कोणी टोकाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवतात, कोणी फळी. प्रसंगापुरते ते ठीक. पण तुकडा नेमका हवा तेव्हा सापडत नाही. टिकाऊ उपाय म्हणजे टोकाला 7 बाय 9 सेंटिमीटरची पोलादी पट्टी जोडून घेणे. तेवढ्याने दाब 5 किलोंवरून पाऊण किलोच्याही खाली येतो. भार तोच राहतो. फक्त तो पसरतो.

मात्र काम सुरू करण्यापूर्वी स्टँड हलवून पाहावा. ज्या बोल्टवर तो फिरतो तो झिजला असेल किंवा स्प्रिंग सैल झाली असेल, तर आधी ती दुरुस्ती करावी. ढिल्या पायाला रुंद पाऊल लावून उपयोग नाही. मग सपाट जमिनीवर गाडी उभी करून पट्टी कोणत्या कोनात बसेल याची खूण करावी, आणि स्टँड सोडवून वेल्डिंगला न्यावा. तो गाडीवर असतानाच वेल्डिंग करायची वेळ आली, तर बॅटरीच्या तारा अवश्य सोडवाव्यात. पट्टीचे कोपरे कानशीने गोल करावेत. स्टँड वर उचलल्यावर ती साखळीला, सायलेन्सरला किंवा गियरच्या दांडीला अडत नाही ना, हे पाहावे. ती बाहेरच्या अंगाला फार आली, तर डाव्या वळणावर रस्त्याला घासेल आणि पडण्याचे निमित्त होईल.

जाडीचाही विचार हवा. तीन मिलिमीटरच्या पट्टीने गाडीचा कल जेमतेम अर्धा अंश बदलतो. पण रबराचा 2 सेंटिमीटर जाड ठोकळा लावला, तर 10 अंशांतले 3 अंश कमी होतात. मग गाडी इतकी ताठ उभी राहते की वाऱ्याच्या झोताने किंवा कोणाच्या धक्क्याने उजवीकडे कोसळावी. मागे जड ओझे लादले की मागची बाजू दबते आणि गाडी आणखी ताठ होते. म्हणून पाऊल रुंद करावे; पाय लांब करू नये.

आणि सुधारलेल्या स्टँडलाही उतार जिंकता येत नाही. उघडताना तो पुढे सरकतो. गाडी पुढे घरंगळली की आपोआप मिटतो. तेव्हा उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, पहिला गियर टाकावा आणि मगच हात सोडावा. निघताना स्टँड वर घेण्यास विसरू नये. अनेक नव्या गाड्या स्टँड खाली असताना गियर टाकला की इंजिन बंद करतात; जुन्या गाडीत ते भान चालकालाच ठेवावे लागते.


तळहाताएवढी पट्टी आणि वेल्डिंगवाल्याकडे थोडा वेळ, एवढाच हा खर्च. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गाडीच्या तिसऱ्या पायाकडे एकदा वाकून पाहा, इतकीच विनंती.