वेस बंद होती तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी चिटणिसांनी मला पाचारण केले तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेलेली आहेत. मी पडलो इतिहास घेऊन बी.ए. झालेला आणि त्यानंतरची तीस वर्षे सीमाशुल्क खात्यात बीजके तपासण्यात घालवलेला मनुष्य. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्ही त्या दिवसांत जयगावच्या वेशीवर होता, तेवढेच सांगा." ते टाळता येईना. आज जे बोलणार आहे ते माझे व्यक्तिगत विचार आहेत, माझ्या खात्याचे नव्हेत, एवढा खुलासा नोकरीच्या नियमाप्रमाणे आरंभीच करून ठेवतो.

जयगाव हे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. माझ्या साताऱ्याच्या थोरल्या वहिनी मात्र अद्यापि ते जळगावच्या आसपासचे एखादे खेडे समजतात आणि "जरा जवळ बदली झाली म्हणायची" असे मला अभिनंदनपर म्हणाल्या होत्या. अलीपूरद्वार जिल्ह्याच्या टोकाला, तोर्सा नदीच्या काठी हे गाव आहे आणि त्याच्या मुख्य रस्त्याच्या शेवटी ती सुप्रसिद्ध कमान आहे. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे भूतानचे फुन्त्शोलिंग. अलीकडे गोंगाट, पलीकडे शिस्त, हे आपण सहलीला गेलो की दरवेळी म्हणतोच. परंतु २०२० पूर्वी ही वेस खऱ्या अर्थाने वेस नव्हतीच. आपण चहा प्यायला पलीकडे जात असू. पलीकडची माणसे भाजीपाला, कापडचोपड, चपला घ्यायला अलीकडे येत. कित्येक भूतानी कुटुंबे भाडे स्वस्त म्हणून जयगावातच बिऱ्हाड करून होती. मुले सकाळी दप्तर घेऊन परदेशात शाळेला जात आणि दुपारी जेवायला स्वदेशी नव्हे, तर आपल्या देशी परत येत!

भूतानने परदेशी प्रवाशांसाठी आपले दार प्रथम उघडले ते १९७४ साली, चौथ्या राजांच्या राज्यारोहणाच्या वेळी. आपले मंडळही त्याच सालचे. २०१९ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३ लाख १५ हजार प्रवासी आले आणि त्यांतले सुमारे २ लाख ३० हजार आपले भारतीय होते. देशाची लोकसंख्याच मुळी आठ लाखांच्या आत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

आणि मग मार्च २०२० उजाडला. भूतानात सापडलेला पहिला रोगी हा प्रवासीच होता. ७६ वर्षांचे एक अमेरिकन गृहस्थ आसामात फिरून, गुवाहाटीहून विमानाने पारोला पोहोचले होते. ६ मार्च रोजी भूतानने परदेशी प्रवाशांना बंदी केली. प्रथम ती दोन आठवड्यांपुरतीच होती. आपल्या सरकारने १३ मार्चपासून बहुतेक सारे व्हिसा स्थगित केले, २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. त्याच २३ मार्चला भूतानने जमिनीवरील वेशीही मिटल्या. दोन दिवसांनी गुढीपाडवा होता. त्या पाडव्याला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि मी माझ्या क्वार्टरच्या गच्चीवर एकट्याने गुढी उभी केली. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. शेजारचे बंगाली बाबू खिडकीतून विचारू लागले की, ही काठी आणि वर पालथा घातलेला लोटा हा रोगावरचा काही उपाय आहे काय!

कमान बंद झाली ती तब्बल अडीच वर्षे, २३ सप्टेंबर २०२२ पर्यंत. जयगावात राहणाऱ्या भूतानी कुटुंबांना त्यांच्या सरकारने परत बोलावून घेतले आणि त्यांच्यासाठी नदीकाठी तात्पुरती घरे बांधली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला २१ दिवसांचे विलगीकरण लागू झाले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. हे काही जगाला नवे नव्हते. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा, म्हणजे आजचे दुब्रॉवनिक, या नगराने १३७७ सालीच रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर थांबवण्याचा कायदा केला. पुढे तीसांचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. आपल्याकडे मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला. युरोपातील राष्ट्रांना त्याची इतकी धास्ती वाटली की १८९७ साली व्हेनिसला त्यासाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक थांबवण्यात आली. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना उतरवून तपासणी होई. माझी आजी तिच्या सासूबाईंकडून ऐकलेली हकिकत सांगे की, गावात उंदीर पडू लागले म्हणजे सारे गाव रानात झोपड्या घालून राही आणि पाहुण्याला शिवेवरच भाकरी नेऊन देत. १८९७ सालचा साथरोगांचा कायदा आमच्या हाती २०२० मध्ये पुन्हा आला तेव्हा मला प्रथम आठवली ती ही शिवेवरची भाकरी.

वेशी बंद करणे योग्य होते काय? यावर पुष्कळ वाद झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आरंभी प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. तिच्या २००५ च्या नियमांचे सूत्रच असे की, रोगाला अटकाव करावा, पण वाहतुकीत आणि व्यापारात निष्कारण व्यत्यय आणू नये. या सूत्रामागे अनुभव आहे. १९९४ साली सुरतेत प्लेगची बातमी झाली तेव्हा आखातातील देशांसह अनेकांनी आपली विमाने थांबवली आणि आपल्या पर्यटनाला व निर्यातीला जबर फटका बसला. आता विचार करा, रोगाची बातमी देणाऱ्या देशाला असा दंड होणार असेल, तर पुढचा देश बातमी देईल कशाला? नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती प्रामाणिकपणे जगापुढे ठेवली आणि दोनचार दिवसांत ब्रिटन, युरोप, अमेरिका यांनी त्या भागातील प्रवाशांना दारे लावून घेतली. आम्हांला प्रामाणिकपणाची शिक्षा मिळाली, अशी त्या देशाची तक्रार होती. माझ्या मते ती रास्त होती.

उलट पक्षी भूतानचे उदाहरण पाहावे. दार लावून मिळवलेला वेळ त्यांनी फुकट घालवला नाही. भारताने भेट दिलेल्या लशींच्या बळावर मार्च २०२१ च्या अखेरीस त्यांनी लसीकरण आरंभिले आणि दोनएक आठवड्यांत बहुतेक साऱ्या प्रौढांना पहिली मात्रा देऊन टाकली. साऱ्या साथीत तेथील मृत्यूंची अधिकृत संख्या २१ आहे. हा आकडा ऐकल्यावर कमान अडीच वर्षे का मिटली, असा जाब विचारण्याचा धीर मला होत नाही.

परंतु त्या एकवीसच्या आकड्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. जगभरात २०१९ साली सुमारे १४६ कोटी प्रवासी देशांच्या सीमा ओलांडून गेले होते. २०२० साली ते सुमारे ४० कोटींवर आले. भारतात येणारे परदेशी प्रवासी १ कोटी ९ लाखांवरून २७ लाखांवर, आणि २०२१ साली १५ लाखांवर उतरले. पर्यटक व्हिसा नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि नियमित आंतरराष्ट्रीय विमाने २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. हे आकडे कागदावर वाचताना काही वाटत नाही. जयगावच्या बाजारातून चालताना वाटे. एकामागून एक दुकानांची फळकुटे लागलेली. हॉटेलांच्या पाट्या उन्हापावसाने विटलेल्या. पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्यांच्या टपांवर भोपळ्याचे वेल चढलेले मी स्वतः पाहिले आहेत.

माल मात्र थांबला नव्हता. अन्नधान्य, औषधे, इंधन पलीकडे जाणे भागच होते, आणि आमचे काम तेच. माणूस अडवायचा आणि पोते सोडायचे, अशी ती विचित्र नोकरी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये दसऱ्याच्या सुमारास जयगावातील एक नेपाळी बाई माझ्याकडे आली. नाक्यासमोर तिचे चहाचे दुकान. मी तिचा रोजचा गिऱ्हाईक. तिची मुलगी फुन्त्शोलिंगात दिलेली, कमानीपासून चालत दहा मिनिटांवर. सात महिने मायलेकींची भेट नव्हती. तिने सेलरोटीचा एक डबा पुढे केला आणि म्हणाली, "साहेब, एखाद्या गाडीबरोबर एवढे जाऊ द्या." मी नाही म्हटले. ऑगस्टमध्ये फुन्त्शोलिंगच्या माल उतरवण्याच्या जागी हमालांमध्येच संसर्ग आढळला होता. एका डब्याला वाट दिली तर उद्या पन्नास डबे येणार, हे मला दिसत होते. नियमाने मी बरोबर होतो आणि आजही माझे मत तेच आहे. मात्र त्यानंतर तिच्या दुकानात चहाला जाण्याचे मी टाळू लागलो. तिने कधी दोष दिला नाही. माझेच पाय वळेनात.

आता आपल्या मंडळाविषयी. १० एप्रिल २०२० रोजी आपली ३८ जणांची सहल पारोला जाणार होती, हे येथील बहुतेकांना स्मरत असेल. कित्येकांनी लोकरी टोप्यादेखील घेऊन ठेवल्या होत्या. त्या वेळी मंडळाचा खजिनदार मीच होतो. जयगावातील एका गाडीमालकाला आपण फेब्रुवारीत ६० हजार रुपये आगाऊ दिले होते. सहल रद्द झाल्यावर सभासदांनी पैशांची विचारणा केली आणि ती योग्यच होती. त्या दिवसांत कोणाच्या घरी पगार थकले होते, कोणाच्या घरी इस्पितळाचे बिल होते. मी गाडीमालकाला पत्रे लिहिली. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा कडक. चौथ्या पत्रात तर "अन्यथा कायदेशीर कारवाई करणे भाग पडेल" हे वाक्य मी घातले. सरकारी मसुदे लिहिणाऱ्याची लेखणी अशा वेळी फार सफाईने चालते. तो गृहस्थ माझ्या कार्यालयापासून अर्ध्या मैलावर राहत होता, तरी मी पत्रच धाडीत होतो, भेटायला गेलो नाही. कारण खरे सांगायचे तर तो काय सांगेल हे मला ठाऊक होते.

पाचवे पत्र लिहिण्यापूर्वी तोच आला. दाराबाहेर उभा राहून बोलला. साठ हजारांतले पंचवीस हजार त्याने आधीच पारोच्या हॉटेलाला पोहोचवले होते. ते पैसे आता वेशीपलीकडे होते. चार गाड्यांपैकी तीन हप्ते न भरल्यामुळे गेल्या. उरलेल्या एका गाडीतून तो हासीमाऱ्याच्या बाजारात भाजी पोचवीत होता. त्याने खिशातून दोन हजार रुपये काढून उंबऱ्यावर ठेवले आणि पावती मागितली. पावती मी दिली. हे सारे मी त्या वेळी कार्यकारिणीला कळवले नाही, "वसुली चालू आहे" एवढेच इतिवृत्तात लिहिले. आज ते कबूल करतो.

त्यानंतर तो दर दोनतीन महिन्यांनी येऊन थोडी रक्कम भरीत राहिला. हॉटेलवाल्यानेही कमान उघडल्यावर त्याचे काही पैसे वळते केले. आजवर ३८ हजार जमा आहेत, २२ हजार येणे आहेत.

सप्टेंबर २०२२ मध्ये कमान उघडली तेव्हा मी तेथे होतो. पूर्वीची मोकळीक मात्र परतली नाही. पादचाऱ्यांना आता वेगळ्या इमारतीतून, कागदपत्रे दाखवून जावे लागते. भारतीयांना पूर्वी काही द्यावे लागत नसे. आता रात्रीला माणशी १२०० रुपये आहेत. इतर परदेशीयांना आरंभी २०० डॉलर होते, २०२३ मध्ये ते १०० केले. थोडे आणि चांगले प्रवासी यावेत हे त्यांचे जुनेच धोरण आहे, आणि आपल्या घरी किती पाहुणे बोलवावेत हे यजमानाने ठरवावे. तरीपण ३८ मोठी माणसे तीन रात्री धरली तर १ लाख ३६ हजार ८०० रुपये केवळ या करापोटी होतात. माजी खजिनदार म्हणून हा हिशेब मी सवयीने करून आणला आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ती राहिलेली सहल काढावी, असा विचार चालू आहे. त्या यादीतील पाच जण आज आपल्यांत नाहीत. दोघे त्या साथीतच गेले. गाडीमालकाशी मी बोललो आहे. त्याच्याकडे आता दोन गाड्या आहेत, तिसरी मेव्हण्याची आणतो म्हणाला. आगाऊ रक्कम घेणार नाही असेही म्हणाला. ती द्यावी असे माझे मत आहे. राहिलेल्या २२ हजारांचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल; तेथे मी काय बोलेन हे आता आपणांस कळलेच आहे. ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी जरूर करावा, पैसे मंडळाचे आहेत.

चहावाल्या बाईंचे दुकान अजून तेथेच आहे. कमान उघडल्यानंतर आठवड्याने मी गेलो. मुलगी आली होती, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. आजीने त्याला प्रथमच पाहिले होते. माझ्याकडून तिने चहाचे पैसे घेतले, नेहमीप्रमाणे.