आवाजाचं वजन

पावसाळा धरला की आम्हा बदलापूरकरांची एक तरी चक्कर बारवी धरणाकडे होतेच. २०१२ च्या पावसाळ्यात मी मुलाबरोबर तिथे गेलो. महिनाभर आमच्यात धड बोलणं नव्हतं. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचा धिंगाणा असह्य होऊन मी त्याचा ॲम्प्लिफायर माळ्यावर टाकला होता.

गंमत म्हणजे, मी काही नुसत्या भावगीतांवर वाढलेला बाप नव्हे. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. १९८८ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' आला, तेव्हा त्याची कॅसेट मी फीत झिजेपर्यंत ऐकली. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं आणि १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये तो पुन्हा उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया हे जुने आणि रुषाद मिस्त्री, जय राव कवी हे नवे. २०१२ मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' आला.

मी तो ऐकला आणि खट्टू झालो. चटकन ओठांवर बसणारी गाणी कुठे गेली? इथे वळणं घेणारे ताल आणि जड गिटार. मुलाला मात्र हाच आल्बम पसंत! गाडीतही त्याने तोच लावला.

"नुसता आवाज वाढवलाय," मी म्हणालो.

"आवाज नाही बाबा, वजन वाढवलंय."

मग त्याने समजावलं. स्टुडिओत गिटारची एकच ओळ दोनदा वाजवून घेतात, एक डाव्या कानाला, एक उजव्या. बास आणि मोठा ड्रम एकाच क्षणी पडतात. आणि त्याआधी शांत जागा ठेवतात, म्हणून तो घाव जड वाटतो. ब्रिटनच्या 'पॉर्क्युपाइन ट्री'ने २००२ च्या 'इन ॲब्सेन्शिया'मध्ये असंच वळण घेतलं. त्यांचा स्टीव्हन विल्सन त्याआधी 'ओपेथ' या स्वीडिश मेटल बँडच्या आल्बमचा निर्माता होता. 'इन ॲब्सेन्शिया' आणि 'इव्हॉल्व्ह' या दोन्हींचं मिक्सिंग टिम पामर यांचं. डिसेंबर २००९ मध्ये पवईच्या आयआयटीत 'पॉर्क्युपाइन ट्री' वाजवून गेला, तेव्हा हा गर्दीत होता. मला त्याने सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

समोर धरण होतं, एमआयडीसीचं, १९७२ सालचं. पडणारं पाणी कानठळ्या बसवत होतं. पण भिंतीवरचा खरा भार मागच्या मुक्या पाण्याचा. जितकी खोली जास्त, तितका तो भार जास्त.

जुनी गाणी वाजवून टाळ्या घेणं त्या बँडला सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. माझा रुसवा खरं तर एवढाच होता, की माझी पंचविशी जिथे होती तिथेच त्यांनी थांबावं. मुलाबद्दलही माझं तेच म्हणणं होतं, फक्त ते मी शेजाऱ्यांच्या नावावर खपवत होतो.

त्या संध्याकाळी मी माळ्यावर चढलो. ठरलं ते असं : रात्री नऊनंतर हेडफोन.

ते संगीत अजूनही सगळं माझ्या पचनी पडत नाही. पण आता मी त्याच्या खोलीचं दार ओढून घेत नाही. गिटार कोसळण्याआधीची ती शांत जागा कधी येते, याची वाट पाहत बसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)