गाळणीत अडकलेले प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत आता हिशेबाच्या वहीशेजारी मोबाईलही असतो. कर्जाचं व्याज आपण त्यावर काढतो. आणि कुणी बघत नसताना अंगावरून पांढरं जाणं, स्तनातली गाठ, मूल लांबवायच्या गोळ्या हेही त्यावरच शोधतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मोबाईलने काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हे कोण ठरवतं?

गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांना एक गाळणी असते, तिचं नाव सेफसर्च. अश्लील चित्रं, व्हिडिओ अडवणं हे तिचं काम. मात्र ती सगळ्या देशांत सारखी नसते. भारतात बिंगवर अनेक वर्षं ती कडकच ठेवलेली होती. मोठ्या माणसालाही सैल करता येत नसे, ‘तुमच्या देशात हे आवश्यक आहे’ असा संदेश यायचा. अमेरिकेत तीच गाळणी वापरणाऱ्याला बंद करता येत होती. 2010 साली ओपननेट इनिशिएटिव्ह या अभ्यासगटाने अमिराती, सीरिया, अल्जीरिया आणि जॉर्डन इथे बिंग तपासलं. लैंगिकतेशी संबंधित कितीतरी अरबी आणि इंग्रजी शब्द टाकले की काहीच हाती लागत नव्हतं. गंमत म्हणजे, यातली काही सरकारं स्वतः इतकी कडक नव्हती. कंपनीने सगळ्या अरब देशांना एकाच मापात बसवलं होतं.

मुलांच्या हाती घाण लागू नये, हे आपल्यालाही पटतं. पण यंत्राला घाण आणि आजार यांतला फरक नीट कळत नाही. अमेरिकेत शाळांमध्ये आणि वाचनालयांमध्ये वापरतात तशा गाळण्यांचा अभ्यास कैसर फॅमिली फाउंडेशनने 2002 साली केला. गाळणी सैल असताना 87 टक्के अश्लील पानं अडली आणि आरोग्याची फक्त 1.4 टक्के. कडक केल्यावर अश्लील 91 टक्के अडली, पण आरोग्याची 24 टक्के! म्हणजे थोडी जास्त घाण अडवायला आरोग्याची जवळजवळ चौथाई माहिती गेली. अशा वेळी नुकसान कुणाचं? जिला घरात विचारता येत नाही, तिचं.

म्हणून काही गोष्टी करा. गूगलच्या सेटिंगमध्ये सेफसर्च उघडून बघा. तिथे गाळणी चालू, चित्रं धूसर किंवा बंद, असे पर्याय असतात. कुलपाचं चिन्ह दिसलं, तर ती दुसऱ्या कुणीतरी लावलेली आहे. एकच शब्द न टाकता ‘स्तनातील गाठ, लक्षणे आणि तपासणी’ असं पूर्ण लिहा. लेकीच्या मोबाईलवर गाळणी जरूर ठेवा, पण तिचे प्रश्न मात्र गाळू नका. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे तिला न्या. आणि गाठ लागली, तर मोबाईल बाजूला ठेवून आधी आशाताईंना किंवा नर्सबाईंना गाठा.

पुढच्या बैठकीत हा विषय काढाल ना?