गाडी लाईनवर, कार्डाची राखण घरी



आम्ही पिंपळगाव बसवंतच्या, गाडीवाल्यांच्या घरच्या बायका. आपल्या बाजार समितीतून टोमॅटो, कांदा, द्राक्षं भरून गाडी मुंबई-आग्रा रस्त्याला लागली की धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत पार दिल्लीपर्यंत जाते. परतीचं भाडं मिळेपर्यंत तिकडेच मुक्काम. सीझनला आमची माणसं घरी पाहुण्यासारखी येतात. पूर्वी वाटखर्चाची रोकड बनियनच्या खिशात असायची, आता कार्ड असतं. रोकड गेली तर खिशातली तेवढीच जाते. कार्ड गेलं तर घरातलीही जाते.

मागच्या सीझनला आमच्यातल्या एकीच्या घरी असंच झालं. तिचे मालक वाटेत एटीएममध्ये गेले. पैसे काही निघेनात. मागे उभा असलेला एक जण मदतीला पुढे आला, कार्ड हातात घेतलं, पिन दाबताना बघितला आणि परत देताना त्याच रंगाचं दुसरंच कार्ड दिलं. दुसऱ्या दिवशी पंपावर कार्ड चालेना, तेव्हा मशीनच खराब असेल असं त्यांना वाटलं. बँकेचे मेसेज जात होते, पण ते जुन्या, बंद पडलेल्या सिमवर! संध्याकाळी कार्डावरचं नाव वाचलं तेव्हा उलगडा झाला.

तरी त्यांनी घरी सांगितलं नाही. "बोलणी बसतील, आधी माल उतरवू" असं म्हणून आणखी एक दिवस गेला. एकूण ४५ हजार गेले. त्यातले २० हजार त्यांना कळल्यानंतरच्या दिवसात गेले. गाडीचा हप्ता त्यातच होता.

बँकेत गेल्यावर नियम कळला. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तो घालून दिला आहे. चूक आपली नाही आणि बँकेचीही नाही, मधल्यामध्येच कुणी चोरी केली, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं की आपलं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवस लावले तर काही रक्कम आपल्याला सोसावी लागते. पण पिन किंवा ओटीपी आपल्याच हातून दुसऱ्याला कळला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे त्याच संध्याकाळी फोन केला असता तर ते २० हजार वाचले असते. ते चोरापेक्षा गप्प बसण्यानेच नेले, नाही का?

तेव्हापासून आम्ही आपसात काही गोष्टी ठरवल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, खाती दोन ठेवायची. हप्त्याचे, घरचे पैसे एका खात्यात, त्याचं कार्ड घरी. लाईनवरच्या कार्डाच्या खात्यात फक्त वाटखर्च. तो संपला की आम्ही घरून टाकतो.

दुसरी, कार्डाला मर्यादा घालायची. २०२० पासून बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत सांगून हे करता येतं. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर लागत नसेल तर बंद ठेवा. नुसतं टेकवून चालणाऱ्या कार्डावर ५ हजारांपर्यंत पिन न विचारता पैसे जाऊ शकतात, ती सोयही बंद करता येते. पंपावर कार्ड पोऱ्याच्या हातात देऊन केबिनमध्ये बसून राहायचं नाही. मशीन समोर आणायला सांगायचं, पिन हाताआड दाबायचा.

तिसरी, क्रेडिट कार्ड असेल तर ते डिझेल-टायरपुरतंच. त्यावर रोकड काढली तर वेगळा आकार लागतो आणि त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

चौथी, बँकेत चालू मोबाइल नंबर आहे ना, हे आजच बघा. "फास्टॅग बंद होणार, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला अशा वेळी नीट सुचत नाही. म्हणून हे घरातून निघतानाच पक्कं करायचं.

पाचवी, कार्ड बंद करायचा बँकेचा नंबर आमच्या घरी कॅलेंडरवर लिहिलेला असतो आणि गाडीत काचेवर चिकटवलेला. मोबाइलही गेला तर ढाब्यावरून कुणाचाही फोन घ्यायचा आणि आधी बँकेला कळवायचं. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावायचा. लवकर कळवलं तर चोराच्या खात्यातच पैसे अडवता येण्याची शक्यता असते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आणि शेवटची गोष्ट आम्हा बायकांसाठी. तिकडून फोन आला, "अगं, कार्ड गेलं", की आपल्या तोंडून पहिला शब्द रागाचा निघतो. कष्टाचा पैसा आहे, निघणारच. पण त्या शब्दाच्या धाकानेच पुढच्या वेळी फोन येत नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, आधी विचारायचं, "तुम्ही बरे आहात ना? बँकेला फोन केला का?" बाकीचं भांडण गाडी दारात लागल्यावर. तेव्हा मात्र सोडायचं नाही!