एक्सिलेटर सोडला, तरी बुलेट रेसच

कुडाळहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, पत्र्याचा आवाज मध्येच ऐकू आला तर सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. जुन्या बुलेटचा एक्सिलेटर सोडला तरी गाडी रेस होत राहते, स्लाइड अडकते, काय करायचं? यावर मी स्वतःचा शहाणपणा आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला तो करावा लागणार नाही.

घरी बाबांची साडेतीनशे आहे, जुन्या ओतीव इंजिनाची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. मी एका रात्री कार्बोरेटर काढला, धुतला, फुंकला, परत बसवला. सकाळी आईला मागे घेऊन मालवणला गेलो. जाताना गाडी अशी चालली की मीच माझी पाठ थोपटली. येताना चौके, धामापूर मागे टाकलं, नेरूरपारच्या पुलाच्या अलीकडे एक्सिलेटर सोडला, आणि गाडी हळू होईना. मूठ मागे गेलीय, इंजिन तसंच ओढतंय. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. हेडलाइटवरच्या डबीतली किल्ली फिरवली तेव्हा कुठे सुटलो. आई काही बोलली नाही. गाडीवरून उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली, बस.

तर पहिली गोष्ट हीच. मूठ अडकली की किल्ली बंद आणि क्लच, दोन्ही एकदम. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका. बुलेटला हँडलवर डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी असते, ती आपण स्टार्ट करतानाच आठवतो. ती ओढली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलला जातो आणि इंजिन मरतं. किल्ली सापडली नाही तर ती आठवा.

घरी आणून थंड गाडीचं झाकण उघडलं, तर स्लाइड अगदी मोकळी! वर उचलून सोडली की टक् करून खाली. मला वाटलं कचरा असेल, निघून गेला. पण मन मानेना. झीरो नंबरचा पॉलिश पेपर हातात घेतला, स्लाइड थोडी घासूया म्हटलं. नशिबाने त्याच वेळी आमचे मेस्त्री आले. त्यांनी आधी पेपर काढून घेतला, मग फ्लँजचे दोन नट बघितले आणि म्हणाले, "अरे झिला, एवढे घट आवळलस कित्याक? आधी नट सैल कर, मगे बघ."

झालं होतं असं. कार्बोरेटर हेडला दोन नटांवर बसतो. मध्ये पॅकिंग, कडेला नट. नट जास्त आवळले की फ्लँजचे दोन्ही कान हेडकडे वाकतात, आणि बॉडीतली स्लाइडची गोल वाट किंचित लंबगोल होते. थंड असताना तेवढी फट पुरते. इंजिन तापलं, धातू फुगला की स्लाइड धरली जाते. म्हणून गाडी जाताना चांगली आणि येताना वाईट. तुमची तक्रार फक्त गरम गाडीची असेल, तर संशय आधी नटांवर घ्या. गाडी तशी गरम असतानाच बंद करा, नट अर्धा फेरा सैल करा आणि मूठ सोडून बघा. स्लाइड पडली तर चोर सापडला. मग बॉडी काढून फ्लँज काचेच्या तुकड्यावर ठेवा. डुगडुगला तर त्याच काचेवर पॉलिश पेपर पसरून फ्लँजचं तोंड सपाट करा. पेपर इथे चालतो. स्लाइडला नाही, बॉडीच्या आतल्या वाटेला तर मुळीच नाही. तिथे घासलं की फट वाढते, मग हवा बाजूने जाते आणि गाडी आयडलिंगला कधीच थांबत नाही.

नट निर्दोष असतील तर केबल बघा. इंजिन बंद ठेवून मूठ फिरवून सोडा, टक् असा आवाज यायला हवा. इंजिन चालू असताना हँडल डावीकडे-उजवीकडे वळवा. रेस बदलली तर केबल कुठेतरी ताणली जातेय. मुठीच्या आत तारेचे दोन-तीन धागे सुटलेले असतात, तेही पकडतात. टक् येतो, हँडलनेही फरक नाही, तरी रेस? मग गाडी पॅकिंगमधून हवा घेतेय.

आणखी एक, नवशिक्यांचं आवडतं. मिकार्बमध्ये स्लाइडला एक खाच असते, ती बॉडीतल्या पिनवर बसली पाहिजे. स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे. उलटी बसवली तर ती पूर्ण खाली येत नाही, आणि पहिल्याच किकला गाडी गल्ली उठवते. झाकण बसवल्यावर किक मारण्याआधी टक् ऐका, एवढं केलं तरी पुरे.

ज्यांच्याकडे त्याहून जुन्या, अमलच्या कार्बोरेटरच्या गाड्या आहेत, त्यांची गोष्ट जरा वेगळी. अमलमध्ये स्लाइड आणि बॉडी दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या, एकमेकांना खातात. स्लाइड काढून उजेडात धरा. एकाच बाजूला चकचकीत पट्टा दिसला तर ती झिजलीय. आयडलिंगला टकटक वाजते तीही हीच. नवी स्लाइड घातली तरी खुळखुळली, तर बॉडीच झिजलीय, तिथे लेथवाल्याकडे जाऊन स्लीव्ह घालण्याशिवाय इलाज नाही.

आणि आपला पाऊस. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी गणपतीला काढली की कार्बोरेटरच्या आत पांढरी पूड दिसते, आणि स्लाइड चिकटलेली. पक्कड लावू नका. क्लीनर मारा, थांबा, बोटाने हलवा. गाडी ठेवताना पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवलं असतं, तर हे झालंच नसतं.

आमची गाडी आता बरी आहे. मेस्त्रींनी नट छोट्या पान्याने, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळून दिले. पैसे घेतले नाहीत, पॉलिश पेपर मात्र घेऊन गेले. येत्या रविवारी परत मालवणला जायचंय. आई म्हणते, तू हो पुढे, मी एसटीने येते.